त्या एका फोनबद्दल

व्हेरियन फ्राय यांस,
सप्रेम नमस्कार.

फ्रँकफुर्टला राहायला आल्यापासून नोव्हेंबरचं करडं आभाळ अंगावर यायला लागलं की मी लोकल पकडून माइन्सला जाते. तिथल्या सेंट स्टीफन चर्चमध्ये नुसती बसून राहते. आत सगळं निळं असतं. फरशी, बाकं, मांडीवर ठेवलेले माझे हातसुद्धा. हा उजेड चित्रकार मार्क शगालच्या नऊ रंगीत काचेच्या खिडक्यांतून येतो. वर्षानुवर्षं मी मनातल्या मनात त्याचेच आभार मानत आले. तुमचं नाव मला फार उशिरा कळलं, म्हणून हे पत्र.

१९३७ मध्ये नाझींनी म्युनिकला त्याची चित्रं 'भ्रष्ट कला' म्हणून टर उडवायला टांगली. मग तो राहत होता तो फ्रान्सही सुरक्षित राहिला नाही. तुम्ही १९४० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेहून, नाझींपासून वाचवायच्या सुमारे २०० जणांची यादी घेऊन फ्रान्समधल्या मार्सेयला उतरलात, तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होतात. पुढच्या मार्चमध्ये, देश सोडून निघा म्हणून शगालला समजवायला तुम्ही त्याच्या गावी, गॉर्दला गेलात. त्याचा पाय निघत नव्हता. अमेरिकेत गायी असतात का, असं त्याने विचारलं. मला त्या प्रश्नाचं हसू येत नाही. पुणं सोडताना मीही, तिकडे कढीपत्ता मिळतो का, म्हणून चौकशी केली होती, आणि माझ्यामागे तर पोलीस नव्हते.

त्याच्यामागे होते. एप्रिलमध्ये मार्सेयच्या हॉटेलांत ज्यूंची धरपकड झाली आणि तो पकडला गेला. त्याची बायको बेला हिने तुम्हाला फोन केला. तुम्ही पोलिसांना फोन लावून ठणकावलंत, की एवढ्या मोठ्या चित्रकाराला अटक केल्याचं जगाला कळलं तर तुमचीच नाचक्की होईल. अर्ध्या तासात त्याला सोडलं.

त्या अर्ध्या तासाचा विचार माझ्या मनातून जात नाही. काचेवरचं काम त्याने साठीनंतर हाती घेतलं. म्हणजे फ्रान्समधल्या मेस शहराचं कॅथीड्रल, झुरिक, इंग्लंडमधल्या ट्यूडलीचं छोटं चर्च, सगळं त्या फोननंतरचं. फ्रान्समधल्या रँसच्या कार्यशाळेत काचेचा कारागीर शार्ल मार्क काच कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवायचा, आम्लाने रंग हलके करायचा; मग शगाल स्वतःच्या हाताने तिच्यावर काळ्या रंगाने रेखाटायचा. माइन्सचं चर्च युद्धात बाँबने उद्ध्वस्त झालं होतं. तिथले धर्मगुरू क्लाउस मायर यांनी त्याला १९७३ पासून पत्रं लिहिली. ज्या देशाने त्याला संपवायला पाहिलं, त्याच देशातल्या चर्चसाठी या ज्यू म्हाताऱ्याने होकार दिला. पहिली खिडकी बसली तेव्हा तो ९१ वर्षांचा होता. स्वतः मात्र तो माइन्सला कधीच आला नाही.

तुम्हाला १९४१ मध्ये फ्रान्समधून हाकलून दिलं. तोवर तुमच्या मदतीने सुमारे २,००० माणसं निसटली होती. घरी परतल्यावर फारशी कुणी दखल घेतली नाही. फ्रान्सने सन्मान केला तो १९६७ च्या एप्रिलमध्ये, आणि सप्टेंबरमध्ये तुम्ही गेलात. याचं मला फार वाईट वाटतं.

माइन्सची पहिली खिडकी १९७८ ची, म्हणजे तुम्ही ती पाहिली नाहीत. म्हणून सांगते. मधल्या खिडकीत बायबलमधल्या याकोबाचं स्वप्न आहे, आज्ञांच्या पाट्या घेतलेला मोशे आहे. आणि अब्राहाम आहे, दाराशी आलेल्या तीन अनोळखी पाहुण्यांसोबत.

आपली ऋणी,
फ्रँकफुर्टची एक मराठी रहिवासी