लेबलावरचे शब्द एकमेकांच्या जागी नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिंडोरी, निफाड, चांदवडकडे द्राक्षबागांच्या गोडी छाटण्या (फळ धरण्यासाठीच्या छाटण्या) सुरू झाल्या की आपल्या कृषी पानावर फवारणीचे सल्ले येऊ लागतात. औषधांच्या लेबलावरचे इंग्रजी शब्द त्यांत देवनागरीत जसेच्या तसे छापले जातात, हे योग्यच आहे. दुकानात शेतकरी तेच शब्द बोलतो. पण जोडीतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी पडला की सल्लाच उलटतो आणि त्याची भरपाई बागायतदाराला करावी लागते.

सर्वांत जास्त गल्लत ‘सिस्टेमिक’ आणि ‘क्युरेटिव्ह’ यांची होते. सिस्टेमिक म्हणजे आंतरप्रवाही. औषध पानात शिरून आत फिरते, एवढेच हा शब्द सांगतो. क्युरेटिव्ह हा वेळेचा शब्द आहे: लागण होऊन गेल्यावरही औषध चालते. तेही, डाऊनी (केवडा) या बुरशीजन्य रोगात, फार तर पानावर तेलकट डाग दिसेपर्यंतच्या थोड्या दिवसांत. पानाखाली डाऊनीची पांढरी बुरशी आली की तो भाग पुन्हा हिरवा होत नाही. ‘सिस्टेमिक आहे, रोग दिसल्यावर मारा’ असे वाचून कोणी बाग रोगाने भरल्यावर मेटॅलॅक्झिल हे आंतरप्रवाही बुरशीनाशक पुन्हा पुन्हा मारत राहिला, तर बुरशीच त्याला दाद देईनाशी होते. उलट मॅन्कोझेब हे बुरशीनाशक ‘कॉन्टॅक्ट’, म्हणजे पानात न शिरता वरच राहणारे, म्हणून त्याला हलके ठरवले जाते. ते पानावर थर धरून राहते आणि बीजाणू रुजू देत नाही, पण फवारणीनंतर फुटलेल्या पानावर ते नसते आणि जोराच्या पावसात धुऊन जाते. त्यामुळे पोंग्यापासून (डोळे फुटण्यापासून) फुलोऱ्यापर्यंत कोवळी फूट भराभर वाढत असताना दोन फवारण्यांतले अंतर कमी ठेवावे लागते. औषध कमजोर असल्याचा हा पुरावा नव्हे.

‘टॉक्सिसिटी’ (विषारीपणा) आणि ‘रेसिड्यू’ (पिकात उरणारा अंश) यांची अदलाबदल त्याहून धोक्याची. लेबलावरचा हिरवा त्रिकोण पाहून काढणीच्या तोंडावर फवारणी केली जाते. त्रिकोणाचा रंग ठरतो तो प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतील अशा मात्रेवरून: पोटात गेल्यास शरीराच्या दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंत लाल, 5000 च्या वर हिरवा. हा तात्काळ विषबाधेचा इशारा आहे. मण्यांत अंश किती दिवस राहतो हे त्रिकोण सांगत नाही. त्यासाठी पीएचआय पाहायचा, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांतले किमान दिवस. फवारलेल्या बागेत मजुरांनी पुन्हा कधी जायचे, तो ‘री-एन्ट्री’चा काळ वेगळा.

‘रेसिड्यू-फ्री’ आणि ‘एमआरएलच्या (अंशाच्या कमाल मर्यादेच्या) आत’ हेही एक नव्हे. अहवालात बीएलक्यू आले, तर अंश प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल त्या पातळीच्या खाली आहे, इतकाच त्याचा अर्थ. युरोपीय संघात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम लागू होते, म्हणजे किलोभर द्राक्षांत ग्रॅमचा एक लाखावा भाग.

एका जोडीने तर जिल्ह्याचा हंगामच अडचणीत आणला होता. 2010 मध्ये आपली द्राक्षे युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे सीसीसीच्या, अंशामुळे. बागेत ते ‘ग्रोथ रेग्युलेटर’ म्हणून वापरतात, ‘पेस्टिसाइड’ म्हणून नव्हे. अंशांच्या नियमांत मात्र दोन्ही एकाच यादीत मोजले जातात. संजीवकांना, म्हणजे ग्रोथ रेग्युलेटरना, पीएचआय नसतो असे अजूनही बोलले जाते, आणि ते छापून येता कामा नये.

आपल्या पानावर औषधाच्या नावाशेजारी ते कॉन्टॅक्ट की सिस्टेमिक, लागणीआधीचे की नंतरचे आणि पीएचआय किती दिवस, या तीन गोष्टी द्याव्यात. टाकीत दोन औषधे एकत्र करायला सांगितली असतील तर त्यांतला मोठा पीएचआय लिहावा. निर्यातीच्या बागेसाठी डब्यावरचा आकडा पुरत नाही. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची यादी पाहूनच दिवस छापावेत.

आपला,
एक कृषी पदवीधर वाचक
निफाड, जि. नाशिक