दुसऱ्याच्या गाण्यात वाजवायला शिकवणाऱ्या अंकलना

प्रिय अंकल,
सादर प्रणाम.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, पण नाव घ्यायचं नाही ही तुमची अट पाळतेय. धोबी तलावच्या बाजूचे जुने वादक तुम्हाला नावाशिवायही ओळखतील. बाकीच्यांना एवढंच सांगते, की हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि पुढे गायकांच्या दौऱ्यांवर ज्यांनी उभा जन्म गिटार वाजवली, आणि तरी ज्यांचं नाव रेकॉर्डच्या कव्हरवर कधी आलं नाही, त्यांच्यातले तुम्ही एक. आज मी गिटारवर घर चालवते ते तुमच्यामुळे.

मी तुमच्याकडे आले ती लीड, म्हणजे गाण्यातली पुढे ऐकू येणारी गिटार शिकायला. तुम्ही माझा सोलो, म्हणजे एकटीने वाजवायचा तुकडा, शेवटपर्यंत ऐकून घेतलात आणि विचारलंत, "छान. आता गायक गायला लागला. आता काय वाजवशील?" माझं पुढचं सगळं शिक्षण या एका प्रश्नाच्या उत्तरात गेलं.

मायकल जॅक्सनचं 'बीट इट' आपण किती वेळा ऐकलं! 1982 मधलं रेकॉर्डिंग. मला त्यातला रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हॅलनचा सोलो तोंडपाठ होता. त्याने तो एक पैसाही न घेता वाजवला, हेही ठाऊक होतं. त्याच्या मागची गोष्ट तुम्ही सांगितलीत. सोलोच्या खालचे कॉर्ड, म्हणजे साथीचे स्वरसमूह, एडीला पटले नाहीत, म्हणून गाण्याचा तो भाग बदलायचं ठरलं. त्यासाठी टेप कापली, आणि रेकॉर्डिंगची दोन मशीन एकमेकांशी जुळेनाशी झाली. हातात उरला मायकल जॅक्सनचा आवाज आणि एडीचा सोलो. मग टोटो बँडमधल्या दोघांना कामाला लावलं. जेफ पोर्कारोने त्या आवाजावरून ठेका शोधून काढला आणि ड्रम्स पुन्हा वाजवले. स्टीव्ह ल्युकाथरने गिटार तर वाजवलीच, बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटारही वाजवली. एवढं झाल्यावर निर्माता क्विन्सी जोन्सचा निरोप आला, की गिटार फार जाड वाटतेय, रेडिओवर चालणार नाही. ल्युकाथरने लहान ॲम्प घेतला आणि सगळं परत वाजवलं.

जगभर लोक तोंडाने वाजवून दाखवतात ती रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून, ल्युकाथरच्या हातची आहे. तुम्ही मला सोलो वगळून गाणं ऐकायला लावलंत. गायकाच्या श्वासाला गिटार कुठे थांबते, कुठल्या ओळीत मागे सरकते, बेस आणि गिटार एकाच माणसाची असल्यामुळे दोघांचं वजन कसं एकाच ठिकाणी पडतं, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा ऐकू आलं.

तेच गाणं तुम्ही दौऱ्यासाठीही वापरलंत. 1987 मध्ये मायकल जॅक्सनचा जगभराचा दौरा टोकियोतून सुरू झाला, तेव्हा एडीचा तो सोलो स्टेजवर वाजवायची जबाबदारी गिटारिस्ट जेनिफर बॅटनवर होती. नंतरच्या दोन्ही दौऱ्यांतही ती होती, आणि पुढे जेफ बेकच्या बँडमध्ये गेली. शेवटचं वाक्य तुम्ही मुद्दाम सांगायचात. जेफ बेकसारखा गिटारिस्ट आपल्या शेजारी दुसरी गिटार म्हणून कुणाला उभं करतो, यावरून त्या माणसाची योग्यता कळते, असं तुमचं म्हणणं. मला ते आजही पटतं.

माझ्या घरी मात्र योग्यतेचा प्रश्नच नव्हता. मुलगी रात्रीबेरात्री बँडबरोबर बसने फिरणार, या एका गोष्टीवर सगळं अडलं होतं. तुम्ही गुडघ्याचं दुखणं घेऊन लोकलने डोंबिवलीला आलात. आईच्या हातचे पोहे खाल्लेत, बाबांना जेनिफरची कॅसेट दाखवलीत, आणि मग गिटारबद्दल अवाक्षर न काढता दौऱ्याची माहिती दिलीत. मुक्काम कुठे असतो, बरोबर कोण कोण असतं, परतीचं तिकीट कोण काढतं, पैसे कधी मिळतात. बाबांच्या मनातले नेमके हेच प्रश्न होते. तुमच्या पिढीतल्या किती जणांनी कुणाच्या मुलीसाठी एवढा प्रवास केला असता, मला माहीत नाही. त्या संध्याकाळसाठी वेगळे आभार मानते, अंकल. आईनेही मानायला सांगितलेत.

पैशांचं तर तुम्ही रीतसर शिकवलंत. तुमच्याकडे फोर्टच्या फुटपाथवरून जमवलेले 'गिटार प्लेयर' मासिकाचे जुने अंक होते. त्यात लॉस एंजेलिसचे स्टुडिओ गिटारिस्ट टॉमी टेडेस्को 'स्टुडिओ लॉग' नावाचं सदर लिहीत. एखाद्या रेकॉर्डिंगला काय वाजवलं, स्वरलेखन किती अवघड होतं आणि त्याचे किती पैसे मिळाले, तेही छापायचे. आपल्याकडे पैशाचा आकडा विचारला की माणूस कलाकार नाही असं समजतात. तुम्ही ते सदर वाचून घ्यायचात आणि सांगायचात, "स्टुडिओत पाऊल टाकण्याआधी आकडा. नंतर नाही." टेडेस्को मँडोलिनसारखी वाद्यंसुद्धा गिटारसारखी सुरात लावून वाजवत, हेही त्यातच वाचलं. ती युक्ती मी आजही वापरते, आणि तिच्या जोरावर मला बरीच कामं मिळाली आहेत.

स्वरलेखन वाचायला तुम्ही सक्तीने शिकवलंत. तुमच्या काळात ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओत अख्खा वाद्यवृंद एकत्र वाजवायचा. एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. आता मी काचेपलीकडे एकटी बसते, कानात लयीची टिकटिक, म्हणजे क्लिक, असतो, हवा तेवढा तुकडा परत घेता येतो. पण कागद समोर आला की हात थबकत नाही, तो तुमच्या त्या शिस्तीने.

आणि पहिलं काम. बोटं आखडायला लागली तेव्हा तुम्ही स्वतःच्या जागी मला पाठवलंत. तिथल्यांनी फोनवर काचकूच केली, तर तुम्ही म्हणालात, "ती येईल, नाहीतर कोणीच येणार नाही." मला हे त्यांच्याकडूनच कळलं, फार नंतर.

एक गोष्ट मला अजून सलते. 1971 चं 'दम मारो दम' सुरू झालं की पहिल्या काही सेकंदांत कुणीही ओळखतं. ती गिटार भूपिंदर सिंगांची, हे किती जणांना माहीत असतं? ते निदान गझलगायक म्हणून घराघरांत पोचले. तुमच्यासारख्यांचं काय? अमेरिकेत सत्तरच्या दशकात अल्बमच्या मागे वादकांची नावं छापू लागले आणि त्यामुळे डॅनी कॉर्चमार, वॅडी वॉक्टेल असे गिटारिस्ट श्रोत्यांना नावाने कळू लागले. आपल्याकडे ते क्वचित झालं, आणि आता तर गाणी मोबाइलवर ऐकली जातात, तिथे कव्हरची मागची बाजूच नसते. तुम्ही कधी खंत केली नाहीत, पण मी करते. म्हणून मी जिथे वाजवते तिथे बँडमधल्या प्रत्येकाचं नाव लिहिलं जाईल, एवढं आधीच बोलून घेते. आकड्याबरोबरच.

सध्या दौऱ्यावर आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते: तारा आदल्या दिवशी बदलायच्या, म्हणजे कार्यक्रमात सूर उतरत नाही. जादा केबल आणि फ्यूज आपल्या बॅगेत. साउंडचेकला गायकाच्या आधी पोचायचं. ड्रमर तरुण आहे, घाई करतो, पण कान चांगला आहे. त्याला परवा 'बीट इट' ऐकवलं, सोलो वगळून.

महिनाअखेरीस मुंबईत येतेय. तुमच्या जुन्या गिटारचे फ्रेट, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या, झिजलेत, ती दुरुस्तीला घेऊन जाणार आहे. खर्चाचं बोलायचं नाही. मासिकांचे दोन अंक माझ्याकडे राहिलेत, तेही आणते. आंटींना नमस्कार.

तुमची,
डोंबिवलीची विद्यार्थिनी