लाटांचे ढग आणि वादळाची आवई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका सकाळी गोव्यात आमच्या डिचोलीच्या आकाशात, ओहोटीनंतर वाळूवर उठतात तशा वळ्या उमटल्या होत्या. आठ वाजेपर्यंत त्यांचे फोटो मोबाईलवर फिरू लागले. खाली मजकूर : ‘मोठे वादळ येतेय, सावध राहा!’ शेजारच्या काकींनी गच्चीवर वाळत घातलेली कोकमाची सोलं लगबगीने आत घेतली. १६ मे २०२१ चे तौक्ते चक्रीवादळ इथे कोणी विसरलेले नाही, तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नाही. राग येतो तो मजकूर लिहिणाऱ्याचा.

हे ढग आल्टोक्युम्युलस जातीचे. अशा वळ्या पडल्या की ‘अंड्युलेटस’. आपल्याकडे ते साधारण दोन ते आठ किलोमीटर उंचीवर असतात. हवेचे दोन थर एकमेकांवरून वेगवेगळ्या वेगाने सरकू लागले की मध्ये लाटा उठतात. माथ्यावर चढणारी हवा थंड होते, तिथे ढग धरतो. खाली उतरणारी तापते, तिथे तो विरतो आणि निळी फट राहते. म्हणजे वर ओलावा आहे आणि तिथे वारा एकसारखा नाही, इतकेच कळले. त्यावरून चक्रीवादळ कसे ओळखणार?

‘असे ढग दिसले की चोवीस तासांत पाऊस’ हा ठोकताळा थंड प्रदेशांतला. तिथे उबदार आणि गार हवेच्या सीमा सरकत येतात, तेव्हा तो काही अंशी लागू पडतो. आपला मे महिन्यातला पाऊस वेगळा : दुपारी घाटावर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी गडगडत सत्तरी तालुक्याकडून खाली उतरतात. त्याची चाहूल घ्यायचीच तर सकाळी त्याच उंचीवरच्या ढगांना किल्ल्याच्या बुरुजांसारखे कोंब फुटलेत का, ते पाहावे. याला ‘कॅस्टेलॅनस’ म्हणतात. ते दिसले तर मीही दुपारनंतर सोलं बाहेर ठेवणार नाही, मग संध्याकाळ कोरडी गेली तरी चालेल.

आपल्या हवामानाच्या चौकटीत तापमान आणि भरती-ओहोटी असतेच. असा फोटो फिरला की दुसऱ्या दिवशी तिथेच त्या ढगाचे नाव आणि पणजीतल्या आल्तिनोवरच्या वेधशाळेचा अंदाज दोन ओळींत छापाल का?

त्या दिवशी थेंबही पडला नाही. अकरा वाजता काकींनी सोलं परत गच्चीवर नेली, सुपे मात्र मला उचलायला लावली.

– एक वाचक, डिचोली