विषय: अर्धवट सोडलेलं रूट कॅनल आणि दर वेळी वाढणारा आकडा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय

तुमच्या कॉल सेंटरचा फोन आत्ताच ठेवला. राग शांत व्हायची वाट बघत बसलो नाही.

तुमच्या दातांच्या दवाखान्याच्या रत्नागिरी शाखेत माझ्या वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनल 'चालू' आहे. म्हणजे दाढ कोरून आत तात्पुरतं सिमेंट भरून ठेवलंय. ते किती टिकतं आणि झिरपायला लागलं की आत काय होतं, ते तुम्हाला मी शिकवायला नको.

काउंटरवर सांगितलं 4,500 रुपये. दाढ उघडल्यावर चौथा कॅनल, म्हणजे मुळातली चौथी नळी, 'सापडला', त्याचे 1,500. मग पोस्ट अँड कोअर, म्हणजे कॅपखाली दाढेला आतून आधार, 2,500. मग झिरकोनियाची कॅप 9,000. एकूण 17,500. वरच्या पहिल्या दाढेत चौथा कॅनल बऱ्याचदा असतो, हे तुमच्या डॉक्टरांना कॉलेजातच शिकवलेलं असणार. आणि रूट कॅनल झालेल्या दाढेला बहुतेक वेळा कॅप लागते, नाहीतर ती चावताना फुटायची भीती. मग हा आकडा तोंडात भूल देण्याआधी का सांगत नाही? धातूवर सिरॅमिक चढवलेली स्वस्त कॅपही असते, हे मला राजापुरातल्या एका डॉक्टरांनी फुकटात सांगितलं. तुमच्याकडे 'कन्सल्टेशन फ्री' असूनही कुणी सांगितलं नाही.

मी मागितलं काय? खर्चाचा लेखी तपशील, माझ्याच दाढेचा एक्स-रे, आणि 'कोल्हापूरहून येणाऱ्या स्पेशालिस्ट'चं नाव, डिग्री, डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. ते रूट कॅनलचे एमडीएस आहेत की दात सरळ करण्याचे, एवढं तरी कळू दे.

आता आजचा फोन. बाई म्हणाल्या, "सर, एस्टिमेट सिस्टममध्ये आहे."
म्हटलं, "मग पाठवा."
"ते इंटर्नल असतं सर."
म्हटलं, "दाढ माझी, पैसे माझे, आणि एस्टिमेट इंटर्नल?"
थोडा वेळ गाणं वाजलं. मग त्या परत आल्या, आवाजात भलताच गोडवा. "सर, तुम्ही राजापूरचे ना? आता आंब्याचा सीझन आहे. तुमच्या हापूसच्या बागा असतील. पेटी विकली की भरा ना, नाहीतर ईएमआय करून देते."

बागा! सात कलमं आहेत, सामाईक. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली चार मुंबईला, आणि यंदा मोहोर गळला तो वेगळाच. पण हे मी त्यांना का सांगू? माझ्या घरी किती पेट्या निघतात यावर माझ्या दाढेचा दर ठरतो काय? हा प्रश्न मी विचारला. उत्तर आलं, "सर, तुम्ही रागावू नका, आम्ही तुमच्या स्माइलसाठीच आहोत." आणि फोन कट. नंतर मेसेज, संभाषणाला किती स्टार द्याल म्हणून.

तालुक्याला एसटी धरून रत्नागिरी गाठायची, तिथे 'डॉक्टर आज आले नाहीत' ऐकून परत फिरायचं, तेही मी सोसलं. मुंबईतलं नाव म्हणून विश्वास ठेवला होता. तो विश्वास तुमच्या त्या सिमेंटपेक्षाही कमी टिकला. आणि एक्स-रे अजून मिळालेला नाही.

डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते, असं सुप्रीम कोर्टाने 1995 सालीच सांगितलंय. 2019 च्या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फी पडत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मला पाठ आहे. गणपतीला चाकरमानी आले की वाडीत कुणाकुणाला सांगायचं, ते वेगळं.

लेखी तपशील, एक्स-रे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. या आठवड्यात. उरलेलं काम ठरलेल्या 4,500 मध्ये पुरं करा, कॅप कुठली आणि कुठे बसवायची ते मी ठरवीन. नाहीतर भरलेले पैसे परत करा. सगळं ईमेलवर पाठवा. व्हॉट्सॲपवर तुमची 'मँगो स्माइल ऑफर' येत होती, तो नंबर मी ब्लॉक केलाय.

तुमचा पेशंट
(फाइल नंबर तुमच्या सिस्टममध्ये आहे. इंटर्नल.)