प्रोग्रामिंग अर्ध्यात बंद पडलं म्हणून ईसीएम फेकू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. मी गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो, आणि हल्ली मधनंमधनं एखादी गाडी टो होऊन येते आणि सोबत एकच वाक्य येतं, "सॉफ्टवेअर मारताना मध्येच बंद पडलं, ईसीएम गेला." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर मारणं म्हणजे त्यात नवीन प्रोग्राम टाकणं. तोपर्यंत मालकाला नवीन ईसीएम घ्या असं सांगूनही झालेलं असतं आणि बिचारा त्या तयारीनेच आलेला असतो. त्यातले बरेच ईसीएम परत उठतात, हे गाडीमालकांना आणि आमच्याच लाइनमधल्या नवीन पोरांना कळावं म्हणून हे पत्र.

होतं काय, तर ईसीएमच्या मेमरीत एका कोपऱ्यात बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम असतो आणि बाकी जागेत इंजिन चालवणारा मुख्य प्रोग्राम आणि डिझेल-पेट्रोल किती, कधी सोडायचं त्याचे आकडे. प्रोग्रामिंग सुरू झालं की आधी जुनं पुसलं जातं, मग नवीन तुकड्यातुकड्याने लिहिलं जातं आणि शेवटी सगळं बरोबर बसलं का ते तपासलं जातं. आता पुसून झालंय आणि लिहिताना लाइन तुटली, तर सेल मारल्यावर इंजिन नुसतं फिरतं, स्टार्ट होत नाही, इग्निशन ऑन केलं तरी चेक इंजिनची लाइट येत नाही, काही गाड्यांत रेडिएटरचा फॅन फुल स्पीडला फिरत बसतो आणि गाडीतल्या बाकीच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरमध्ये, यू०१०० हा फॉल्ट कोड पडतो, म्हणजे ईसीएमशी बोलणंच होत नाही. हे बघून कोणाचंही धाबं दणाणतं. पण बूटलोडरला सहसा हात लागलेला नसतो, तो आत जागाच असतो आणि नवीन फाइलची वाट बघत असतो.

मागे एक डिझेल गाडी आली होती, बासष्ट टक्क्यांवर लॅपटॉप स्लीपला गेला आणि काम तिथेच अडकलं, मग ज्याने केलं त्याने घाबरून चावी बंद केली, केबल ओढली, बॅटरीची टर्मिनल काढून परत लावली. माझ्याकडे आली तेव्हा बॅटरीवर मीटर लावला तर ११.४ व्होल्ट. त्या व्होल्टेजवर दहा वेळा ट्राय केलं तरी काही होणार नव्हतं. आधी प्रोग्रामिंगचा पॉवर सप्लाय लावून १३.५ व्होल्टवर स्थिर केलं, मग बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम आणि जीपीएस ट्रॅकर काढले, कारण असल्या वस्तू कधीकधी लाइनवर गडबड करतात, हेडलाइट आणि ब्लोअर बंद केले. तरी स्कॅनर ईसीएम ओळखेना. ओळखणार कसा, स्वतःचा नंबर सांगणारा प्रोग्रामच पुसला गेला होता! ईसीएम खोलून बाहेर काढला, फडक्याने ग्रीस पुसलं, स्टिकरवरचा हार्डवेअर नंबर टॉर्चच्या उजेडात वाचला आणि सॉफ्टवेअरच्या रिकव्हरीत, म्हणजे अडकलेलं काम परत करायच्या मोडमध्ये, जाऊन हाताने टाकला. त्यानंतर परत शून्यापासून चालू झालं आणि पहिल्याच झटक्यात शंभरला गेलं. पी०६०२, म्हणजे प्रोग्रामिंग नीट न झाल्याचा कोड, पडला होता तो क्लिअर केला, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेले कोड परत भरले, सेल मारला आणि गाडी स्टार्ट.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की अडकलं की पहिल्यांदा हात बाजूला घ्या. चावी तशीच राहू द्या, केबल काढू नका, लॅपटॉप मिटू नका, स्क्रीनवर काय येतंय ते शांतपणे वाचा, चावी बंद करून परत ऑन करा असं तिथे लिहिलं असेल तरच करा. बॅटरी उतरलीय म्हणून दुसऱ्या चालू गाडीवरून जंपर लावू नका, आणि साधा चार्जर पण नको, त्याचा करंट खालीवर होतो आणि ह्या कामाला तो चालत नाही. लॅपटॉप चार्जिंगला, स्लीप बंद आणि जमेल तिथे ब्लूटूथपेक्षा वायर. नकली इंटरफेसवर, म्हणजे लॅपटॉप गाडीला जोडायच्या डबीवर, कोड वाचले जातात म्हणून त्याच्यावर प्रोग्रामिंगचा भरवसा ठेवू नका, कधीकधी अर्धा तास सलग डेटा जायचा असतो.

ओबीडीवरून, म्हणजे गाडीतल्या स्कॅनर लावायच्या सॉकेटवरून, काहीच जमलं नाही तर ईसीएम टेबलावर घेऊन थेट पॉवर, अर्थिंग आणि डेटा जायच्या कॅन लाइनच्या दोन वायरी जोडून बोलता येतं, आणि बूटलोडरच खराब झाला असेल तर ईसीएम उघडून बूट मोडमध्ये चिपवर लिहावं लागतं. ते शेवटचं काम मात्र शिकलेल्या माणसाचं आहे. एकदा असाच एक ईसीएम मी उठवला, पण आधीच्या माणसाने बॅकअप न घेता चुकीची फाइल ईईप्रॉम नावाच्या मेमरीपर्यंत लिहिली होती, त्यातला इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी सिस्टीमचा, डेटा गेला आणि चाव्या परत जोडाव्या लागल्या. ते अजून मनाला लागून आहे, कारण सुरुवातीलाच दहा मिनिटं काढून वाचून ठेवलं असतं तर मालकाचा तो सगळा त्रास वाचला असता. हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर, चेसिस नंबर, इंजेक्टर कोड, हे काम सुरू करायच्या आधी कागदावर उतरवून घ्या, नंतर विचारलं तरी ईसीएम सांगणार नाही.

आणि मालकांनो, ईसीएम गेला असं कोणी सांगितलं तर रिकव्हरी ट्राय केली का, टेबलावर लावून बघितला का, एवढं विचारा. नवीन बसवायचीच वेळ आली तरी जुना ईसीएम मागून घ्या, भंगारात जाऊ देऊ नका, त्यातला इमोबिलायझरचा डेटा बऱ्याच गाड्यांत नवीन ईसीएम जोडताना कामाला येतो.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन