खाणींचे अवशेष पाहावेत, पण बाहेरून

महोदय,

बंद पडलेल्या खाणींचे अवशेष मुलांना जरूर दाखवावेत, असे माझे मत आहे. मात्र ते कसे दाखवावेत याविषयी पर्यटनावरच्या लेखांत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील बोटॅलॅक येथे आम्ही सहकुटुंब गेलो होतो. हा खाणप्रदेश २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कथील आणि तांब्याच्या या खाणीची दोन इंजिनघरे कड्याच्या उतरणीवर, जवळजवळ लाटांच्या तोंडाशी उभी आहेत आणि खालची खोदाई तर थेट समुद्रतळाखाली गेलेली आहे. इंजिनघराची एकच भिंत एवढी जाड का, असे मुलीने विचारले. पाणी उपसणाऱ्या वाफेच्या इंजिनाची अजस्र तुळई याच भिंतीवर टेकून वरखाली होत असे, हे कळल्यावर वाटेतल्या प्रत्येक पडक्या इंजिनघराची जाड भिंत शोधण्याचा तिला छंदच जडला.

जवळच धुराच्या वाटेसाठी बांधलेला नागमोडी भिंतींचा चक्रव्यूह आहे. लपंडावाला याहून झकास जागा मुलांना सुचणार नाही. पण खनिज भाजताना निघणारा विषारी आर्सेनिक इथे थंड होऊन पांढऱ्या भुकटीच्या रूपाने साचत असे आणि कामगार तो खरवडून काढत. अशा जागेची माती हाताळू न देणे आणि खाण्याआधी हात धुवायला लावणे, एवढे तरी आईवडिलांनी करावे.

खरा धोका बोगद्यांत आहे. हवेत एरवी सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. कुजणारी लाकडे आणि गंजणारी खनिजे तो बंदिस्त जागी हळूहळू संपवतात. उरलेल्या हवेला ना वास, ना रंग, आणि हातातला टॉर्च मात्र तितकाच लख्ख जळत राहतो. घोटाभर वाटणारे डबके पाण्याने भरलेली खोल उभी विहीरही असू शकते. बोगद्याच्या तोंडावरच्या जाळीत फटी ठेवलेल्या असतात त्या वटवाघळांसाठी, हडकुळ्या मुलांना आत सरकवून छायाचित्र काढण्यासाठी नव्हे; हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे.

तेव्हा अशा स्थळांवर लेख छापताना बोगद्याच्या आत उभ्या असलेल्या पर्यटकांची छायाचित्रे आपण निवडू नयेत, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक