तुझ्या विसरण्याबद्दल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

वाचलेलं डोक्यात राहत नाही, मी मठ्ठ झालेय, म्हणालीस. मठ्ठ वगैरे काही नाही. वर्षभर मेन्स परीक्षेचा ताण डोक्यावर असला की असंच होतं.

ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं. २०-३० मिनिटांत ते शिगेला पोचतं आणि मेंदूत जाऊन स्वतःच ‘पुरे’ म्हणतं. हा ब्रेक लावण्यात मेंदूतल्याच हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा, आणि नवं लक्षात ठेवायचं कामही त्याचंच. गोम इथेच आहे. ताण हटलाच नाही तर तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात, ब्रेक ढिला पडतो, कॉर्टिसॉल रेंगाळतं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जींच्या गटाने उंदरांना रोज २ तास असं १० दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडल्या, पण भीती सांभाळणाऱ्या अ‍ॅमिग्डालात उलट वाढल्या. पुढे २१ दिवस मोकळं सोडल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, अ‍ॅमिग्डाला मात्र तसाच राहिला. म्हणून परीक्षा संपली तरी धडधड लगेच जात नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल सर्वांत खाली असायला हवं. तू त्या वेळी अभ्यासिकेत चहा पीत बसतेस! चहा-कॉफीतलं निम्मं कॅफिन उतरायलाच सुमारे ५ तास लागतात. दुपारी ४ नंतर चहा बंद, ७ तास झोप, आणि उठायची वेळ रविवारीही तीच. रोज अर्धा तास झपझप चाल. ब्रेन टॉनिकच्या बाटल्यांवर एक रुपयाही घालू नकोस.

ताणाने सगळेच आजारी पडत नाहीत. आनुवंशिकता, लहानपण, झोप, सगळंच मोजावं लागतं. पण सलग २ आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास राहिलं किंवा कशातच रस वाटेना, आणि जोडीला झोप-भूक बिघडली, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. थायरॉइड आणि बी-१२ची तपासणीही करून घे, तिथल्या बिघाडानेही असंच वाटतं. त्यांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात. बरेच जण पहिल्याच आठवड्यात मळमळलं म्हणून सोडतात. तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नकोस. बरं वाटल्यावरही एकदम नाही.

जीव नकोसा वाटला तर मात्र आठवडे मोजायचे नाहीत. त्याच क्षणी मला उठव, नाहीतर १४४१६ लाव. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलतात.

तुझी,
आई